बागेतल्या दोन तोफा

आमच्या गावच्या बागेत शिरलं की समोर संगमरवराची एक फरशी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन तोफा. गावात त्यांना ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं, बंदराजवळचं हे तालुक्याचं गाव. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे काही चुका सांगाव्या लागणार आहेत आणि त्या करणारी माणसं रोज बाजारात भेटतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३१ वर्षं मी फाउंड्रीत काढली. मोल्डिंगपासून सुरुवात केली आणि शेवटी सगळं ओतकाम माझ्या देखरेखीखाली होतं. निवृत्त होऊन घरी परतल्यावर संध्याकाळी बागेत बसायला लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तोफांकडे नीट पाहिलं. लहानपणी आम्ही थोरलीवर घोडा घोडा खेळलो होतो. तेव्हा तिच्यावर काळा रंग होता, आता चंदेरी. दर २६ जानेवारीच्या आधी रंगाचा नवा हात बसायचा. शेपटाकडचा भाग सिमेंटच्या कट्ट्यात गाडलेला, तोंड आभाळाकडे, आणि तोंडात वेफर्सची पाकिटं, पानाच्या पिंका, पावसाचं पाणी. बिडाच्या वस्तूत पाणी साचून राहिलं तर काय होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवाळीनंतर एका सकाळी टेप, वही आणि बॅटरी घेऊन गेलो आणि मोजमाप सुरू केलं. थोरली गाड्यावर चढायला तिथून दोन वर्षं आणि महिनाभर लागला. असं काम आपल्या गावात करावंसं वाटणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट लक्षात आली ती आवाजावरून. लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं तर थोरली बद्द वाजायची, जशी बिडाची जाड कास्टिंग वाजते. धाकटीचा आवाज वेगळा होता आणि जागोजागी बदलायचा. रंगाच्या थराखाली बोट फिरवलं तर तिच्या अंगावर कडी लागत होती, एकीला लागून दुसरी, तोंडापासून शेपटापर्यंत. म्हणजे धाकटी ओतलेली नव्हतीच. लोखंडाच्या लांब पट्ट्या गोलाकार उभ्या करायच्या, त्यावर लाल तापवलेली कडी चढवायची आणि निवताना ती आवळून बसू द्यायची. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात, तीच विद्या. घडीव लोखंडाची, इथल्याच कुठल्या तरी लोहारसाळेत जन्मलेली ही तोफ.

थोरलीचं वाचन व्हायला आठवडा लागला. दिवसा काहीच दिसत नव्हतं. अंधार पडल्यावर बॅटरी अंगाला चिकटवून आडवा प्रकाश टाकला तेव्हा रंगाखालचे उंचवटे उठून आले. ही युक्ती आम्ही कास्टिंगवरच्या भेगा शोधायला वापरायचो. बत्तीच्या, म्हणजे दारू पेटवायच्या, भोकाच्या पुढे पिंपळपानासारखी एक आकृती होती, उभ्या-आडव्या रेघांनी चार खणांत विभागलेली, आणि खणांत व्ही, ई, आय, सी ही इंग्रजी अक्षरं. ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह. जुन्या रोमन वळणात यू ऐवजी व्ही कोरायचे, त्यामुळे ‘युनायटेड’मधला यू तिथे व्ही झालेला. त्याच्या मागे तीन आकडे होते, मध्ये आडव्या रेघा: २३-३-११.

या आकड्यांपाशी मी बराच अडलो. आधी वाटलं तारीख असेल. मग तोफांची माहिती शोधता शोधता उलगडा झाला की हे वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागाचा, २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला तर २,६७१ पौंड आले, म्हणजे सुमारे १,२१० किलो. तोंडाचा आतला व्यास १०.७ सेंटिमीटर भरला, जो नऊ पौंडी गोळ्याच्या तोफेचा असतो. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी ओतशाळेत माझ्यासारख्याच एका माणसाने ही तोफ तराजूला लावली होती, छिन्नीने आकडे कोरले होते, आणि त्याचा हिशेब मी आत्ता माझ्या वहीत पडताळून पाहत होतो.

ओतकामाच्या बाजूने थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशी तोफ साच्यात उभी ओतत, शेपूट खाली आणि तोंड वर. खालच्या भागावर वरच्या धातूचा दाब येतो, त्यामुळे जिथे दारूचा स्फोट होणार तिथला धातू घट्ट बसतो. तोंडाच्या वर जादा धातूचा ठोकळा ठेवत. मळी वर येऊन त्यात जमायची, धातू आकसताना लागणारी भरही त्यातून मिळायची, आणि निवल्यावर तो कापून टाकत. आजही आम्ही रायझर ठेवतो तो याचसाठी. आधी मध्ये कोअर, म्हणजे पोकळीच्या आकाराचा गाभा, ठेवून पोकळ तोफा ओतत, पण कोअर जरा सरकला तरी एका बाजूची भिंत पातळ पडायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये भरीव ओतून नंतर आडव्या यंत्रावर नळी कोरायची पद्धत रुळली. थोरलीच्या तोंडाशी चार ठिकाणी जाडी मोजली तर चारही मापं सारखी आली. कामगिरी उत्तम होती. शत्रूची का असेना, चांगल्या ओतकामाला चांगलं म्हणायलाच हवं.

तिच्या तोंडाच्या फुगवट्याखाली गळ्याभोवती बोट बुडेल एवढी गुळगुळीत खाच होती. म्हातारे सांगतात की या तोफा पूर्वी बंदरावर अर्ध्या जमिनीत पुरलेल्या होत्या आणि त्यांना गलबतांचे दोर बांधत. ती खाच त्या दोरांची.

जानेवारी उजाडला आणि घात झाला. २६ तारखेच्या तयारीसाठी रंगाऱ्याला काम दिलं गेलं. या वेळी ‘नीट साफ करून रंग द्या’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून थोरलीच्या पाठीवर चालवला. मी पोचलो तोवर पानाच्या आकृतीतला वरचा एक खण घासून गेला होता. त्या पोराची चूक नव्हती, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. चूक माझीही होती. दोन महिने मी एकटाच वहीत नोंदी करत बसलो होतो, नगरपंचायतीत जाऊन एक कागद दिला नव्हता. ओतीव मालाला वाळूच्या साच्यातून निघाल्यावर एक कडक कातडी असते, तीच त्याचं हवेपासून रक्षण करते. ती गेली की खालचा धातू उघडा पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घासलेल्या जागेवर नारिंगी गंज फुलला होता. समुद्र दीड किलोमीटरवर आहे आमच्याकडे.

त्यानंतर मी एकट्याने काही करायचं नाही असं ठरवलं. हायस्कूलचे रसायनशास्त्राचे गुरुजी, वाडीतले सुतारकाका, आणि किल्ल्यांवर श्रमदान करणारी चार-पाच पोरं असे आम्ही एकत्र आलो. पोरांनी आधी बांबूची काठी तोंडातून आत घालून नळीची खोली मोजली. थोरलीत काठी सरळ शेपटाच्या आतपर्यंत गेली. धाकटीत ती अपेक्षेपेक्षा हातभर आधीच अडली. आत काहीतरी होतं.

पोरं म्हणाली, पहार घालून ठोकू या. मी त्यांना जागच्या जागी थांबवलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली गोष्ट मला वाचून माहीत होती. अठराव्या शतकातल्या एका ब्रिटिश युद्धनौकेची तोफ तिथे कित्येक वर्षं बागेत उघड्यावर होती, लोक तिच्याजवळ बसत-उठत. जानेवारी २०१३ मध्ये गंज काढताना तिच्यात गोळा, बोळा आणि आठशे ग्रॅमहून जास्त दारू निघाली. कोरडी काळी दारू शे-दोनशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. म्हणून हात जोडून सांगतो: जुन्या तोफेची नळी मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय तिला ठोकू नका, तापवू नका, ग्राइंडर-वेल्डिंग तर जवळही आणू नका. पोलिसांना कळवा.

आम्ही कळवलं. मार्चमध्ये जिल्ह्याहून बॉम्बशोधक पथक आलं. बाग दोन दिवस बंद ठेवली. त्यांनी बारीक कॅमेरा आत सोडला, मग पाणी भरून नळी भिजत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लाकडी अवजारांनी हळूहळू आतला ऐवज बाहेर काढला. आधी माती आणि गंजाच्या खपल्या, मग कुजलेल्या काथ्याचा बोळा, मग दगडाचा घडवलेला गोळा, नारळापेक्षा थोडा लहान, आणि सगळ्यात शेवटी काळ्या चिखलासारखी ओली झालेली दारू. ती त्यांनी सोबत नेली. बत्तीच्या भोकात चौकोनी खिळा ठोकून तो वर सपाट केलेला होता आणि एका बाजूचा कान मुळापासून तोडलेला होता.

तोफेचे कान म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेले ते दोन आडवे दंड. त्यांच्यावर तोफ गाड्यात तोलली जाते, तोंड वर-खाली होतं. कान तोडला की तोफ गाड्यावर बसत नाही, खिळा ठोकला की बत्ती देता येत नाही. जिंकलेल्याने घाईत तोफ निकामी करायची तर ती अशीच करतात. धाकटी भरलेली होती, उडायची तेवढी बाकी होती, आणि त्याच अवस्थेत तिला कायमची गप्प केली होती. गोळा हातात घेतला तेव्हा आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही. पाथरवटाच्या टाकीचे घाव त्याच्यावर स्पष्ट दिसत होते.

परवानगीचं प्रकरण लांबलं, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुराणवस्तू ठरते, तिच्यावर मनमानी दुरुस्ती करता येत नाही. आमच्या तोफा कुणाच्या मालकीच्या हेच आधी ठरत नव्हतं. नगरपंचायतीच्या नोंदवहीत बाकं, झोपाळे, घसरगुंडी होती, तोफा नव्हत्या. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. अर्जासोबत फोटो, मापं, आकृत्यांचे कागदावर घेतलेले ठसे आणि बॉम्बपथकाचा अहवाल जोडला, त्याचा उपयोग झाला. सात महिन्यांनी, ऑक्टोबरात, लेखी परवानगी आली. अटी होत्या: वाळूचा मारा नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, तुटलेला कान नवा बसवायचा नाही, प्रत्येक टप्प्याचे फोटो, आणि धातूंचं जतन जाणणाऱ्या तज्ज्ञाच्या सांगण्यानुसारच काम. अटी वाचून मला बरं वाटलं. समजणाऱ्या माणसाने लिहिल्या होत्या.

तज्ज्ञ बाई पुण्याहून आल्या. त्यांनी पहिल्या दिवशी तोफेला हात न लावता फक्त आमच्या विहिरीचं पाणी तपासलं. खारं निघालं. ‘या पाण्याने धुणार असाल तर न धुतलेलं बरं,’ म्हणाल्या. लोखंडाचा खरा शत्रू म्हणजे मिठातलं क्लोराइड. ते धातूच्या बारीक छिद्रांत मुरून बसतं, वरून कितीही रंग द्या, आतून गंज चालूच राहतो आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. दरवर्षी नवा रंग देऊन आम्ही तोफेची काळजी घेतोय असं गावाला वाटत होतं. प्रत्यक्षात त्या रंगाखाली खारट ओल कोंडली जात होती.

कट्टा फोडायचं काम छिन्नी-हातोडीने झालं, मशीन लावलं नाही. मग रंग. रंग मऊ करणारा लेप लावायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं, काही तासांनी बांबूच्या चिपांनी खरवडायचं. चंदेरी, काळा, पुन्हा चंदेरी, एक हिरवा, खाली लाल. गुरुजींच्या शाळेतल्या मुलींनी अकरा थर मोजले. दहावीच्या वर्गातल्या सात-आठ मुली शनिवारी शाळा सुटल्यावर यायच्या आणि दात घासायच्या ब्रशने अक्षरांच्या खाचा साफ करायच्या. थोरलीच्या उजव्या कानाच्या तोंडावर आणखी एक पुसट अक्षर त्यांनीच शोधलं. ओतशाळेची खूण बहुतेक वेळा तिथेच असते. तिचे दोन्ही कान शाबूत आहेत, पण डाव्या कानाच्या तोंडाचा टवका उडालेला आहे.

धुण्यासाठी आरओचं पाणी टँकरने आणलं. धुवायचं, फडके लपेटून ओलं ठेवायचं, निथळलेलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं. गुरुजी त्यात नायट्रिक ॲसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं की क्लोराइड अजून निघतंय. पहिल्या दिवशी पाणी इतकं पांढरं झालं की मुली ओरडल्याच. असं किती दिवस चाललं म्हणता? थोरलीला नऊ आठवडे, धाकटीला पंधरा. घडीव लोखंडात कड्यांच्या सांध्यांत मीठ अडकून बसतं, त्यामुळे ती निघता निघत नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी परीक्षानळीतलं पाणी स्वच्छ राहिलं. गुरुजींनी नळी उजेडात धरून सगळ्यांना दाखवली.

त्यानंतर टॅनिक ॲसिडचा हात. हिरड्यात, बाभळीच्या सालीत असतं ते टॅनिन, ज्याने कातडी कमावतात. गंजाशी त्याची प्रक्रिया होऊन निळसर काळा घट्ट थर बनतो. तपकिरी तोफ आमच्या डोळ्यांसमोर हळूहळू काळी होत गेली, आणि तो रंग ऑइलपेंटच्या काळ्यासारखा मेलेला नव्हता. त्याच्यावर मेणाचा थर. मेण गरम धातूवर चांगलं मुरतं, म्हणून बाईंनी एप्रिलमधली दुपार निवडली. कोकणातल्या एप्रिलच्या उन्हात काळं लोखंड हात लावू देत नाही. हातमोजे घालून आम्ही मेण चोळलं आणि ते पाण्यासारखं पसरत आत गेलं.

गाड्यांवरून वाद झाला. गावातल्या काहींना मोठ्या चाकांचे गाडे हवे होते, सिनेमात दिसतात तसे. मी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जाऊन आलो होतो. तिथे यॉर्कशरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या दोन इंग्रजी तोफा चाकांच्या गाड्यांवर उभ्या आहेत, त्या पाहून सगळ्यांनाच तसंच हवंसं वाटतं. पण थोरलीसारखी लांब, जड, तटावरची किंवा जहाजावरची तोफ चार लहान भरीव चाकांच्या बुटक्या गाड्यावर असायची. सुतारकाकांनी चित्रं पाहिली, तोफेभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘ही खाली बसूनच बरी दिसंल. उंच नेलीत तर गाडाच दिसंल नुसता.’ वाद तिथे मिटला. जुनं सागवान एका पाडलेल्या घराच्या तुळयांमधून मिळालं, पन्नास-साठ वर्षं सुकलेलं, आता वाकणार नाही असं. सांधे खाच पाडून बसवले. धातू आणि लाकूड यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली, म्हणजे दोघांच्या मध्ये ओल धरणार नाही. खाली जांभ्याचा चौथरा, पण जांभा पाणी पितो, म्हणून वर काळ्या दगडाची फरशी. गाड्याचा मागचा भाग किंचित उंच ठेवला आणि तोफेचं तोंड थोडं खाली झुकवलं. नळीत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर यायला हवं. तोंड वर ठेवून तोफ रुबाबदार दिसते खरी, पण तिची विहीर होते.

धाकटीला गाडा दिला नाही. तुटलेला कान नवा लावायचा नव्हता, आणि एका कानावर तोफ बसत नाही. काहींना हे फार लागलं. ‘आपलीच तोफ जमिनीवर आणि इंग्रजांची गाड्यावर?’ असं एका बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी सुतारकाकांनी तिच्यासाठी सागाची दोन जाड बैठकं केली, थोरलीच्या कानांच्या उंचीला येतील अशी. तोफ दोन्हीकडून आधारलेली आणि तुटलेला कान येणाऱ्याच्या समोर. त्या कानाकडे लोक थांबून बघतात.

उचलायच्या दिवशी हायड्रा क्रेन बागेच्या फाटकातून आत शिरेना. कमान पाडायचा प्रस्ताव आला, तो आम्ही मोडून काढला. मग बंदरावरचे बावीस खारवी आले. होड्या किनाऱ्यावर ओढणाऱ्या माणसांना वजनाची भीती नसते. ‘काका, हिच्यापरीस आमची होडी जड हाय,’ एकाने सांगितलं. माडाचे गोल ओंडके खाली टाकले, कान आणि शेपूट यांच्यामध्ये तोल साधेल अशा जागी नायलॉनचे रुंद पट्टे बांधले, तीन बल्ल्यांचा तिकाटा करून चेनपुली लावली. साखळी किंवा तारेचा दोर थेट धातूला लावायचा नाही, तोंडाला धरून उचलायचं नाही, एवढंच मी सांगत होतो. बाकी सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. होडी ओढतानाची आरोळी घातली की सगळे एकदम जोर लावत. थोरली एका आरोळीला वीतभर सरकायची. चौथऱ्यापर्यंतचं चाळीस फुटांचं अंतर कापायला पाच तास लागले. कान गाड्याच्या खोबणीत बसले तेव्हा ‘खट्’ असा एकच आवाज झाला.

आता फरशीबद्दल. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की या गावातून ४१ पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यांतल्या ६ जणांनी प्राण दिले. अशा फरश्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत आहेत, मजकूर सगळीकडे तोच, फक्त आकडे वेगळे. नाव एकाचंही नाही. गावाची समजूत अशी की तोफाही त्याच युद्धातल्या. मेसोपोटेमियात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठा पलटणी लढल्या, २९ एप्रिल १९१६ ला कूतच्या वेढ्यात जे शरण गेले त्यांत आपली माणसं होती, पण तिथे असल्या तोंडाने भरायच्या तोफा नव्हत्या. फरशी आणि तोफा यांच्यामध्ये शतकभराचं अंतर आहे.

माझी भाची मुंबईला असते. तिने राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर तालुक्याचं नाव इंग्रजीत जेवढ्या प्रकारे लिहिता येईल तेवढ्या प्रकारे टाकून शोध घेतला. शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. सहापैकी चार नावं मिळाली. चौघांनाही कबर नाही, त्यांची नोंद इराकमधल्या बसरा स्मारकाची. त्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे, पण भिंतीवर गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. म्हणजे आमच्या गावात आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. मोहल्ल्यातल्या एका घरात सांगत आले होते की त्यांचे पणजोबा जहाजावर खलाशी होते आणि बोटीसकट बुडाले. त्यांचंही नाव भाचीला मिळालं. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही.

चार नावांमधलं एक घर आम्हाला सापडलं. बौद्धवाडीतल्या एका आजींनी लोणच्याच्या बरणीवरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. ब्राँझची जाड गोल तबकडी, अर्ध्या वितीहून थोडी मोठी, एका अंगाला सिंह आणि बाई उभी, आणि एका चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं. महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवायचे ती ही तबकडी. आजींना घरात सून म्हणून आल्यापासून ती बरणीवरच माहीत होती. मी नाव वाचून दाखवलं. ‘म्हणजे ह्ये आमच्या आजेसासऱ्याचं नाव हाय होय?’ त्यांनी विचारलं, आणि तबकडी पदराने पुसली. तबकडीचं ओतकाम इतकं सुबक आहे की अक्षराची एकही कड बसलेली नाही.

पाटीवरच्या मजकुराला तीन बैठका लागल्या. पहिल्या बैठकीत ‘शिवकालीन तोफा’ असा मसुदा आला. थोरलीवर कंपनीचं चिन्ह आहे, महाराजांच्या हयातीनंतरची ती तोफ आहे, हे मी वहीतल्या ठशांसकट मांडलं. एक ज्येष्ठ गृहस्थ रागावले. मला म्हणाले, ‘तुम्ही गावचा मान कमी करताय.’ मी त्यांचा मान ठेवूनच बोललो, पण मागे हटलो नाही. महाराजांच्या नावाने खोटं लिहायचं नाही, यापेक्षा मोठा मान मला माहीत नाही.

त्यांना मी ग्वाल्हेरची हकीकत सांगितली. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहार इथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. मराठ्यांच्या ज्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, त्यांच्या धातूतून त्यांनी आपल्या सैनिकांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं पाडली आणि कोलकात्याला हुगळीच्या काठी स्मारक उभारून त्याचा घुमटही त्याच धातूचा केला. आपली माणसं त्या तोफांच्या पायाशी मेली आणि तोफांचं पदक झालं. विजापूरची मलिक-ए-मैदान, १५४९ साली अहमदनगरला तुर्की ओतारी रूमीने ओतलेली ५५ टनांची तोफ, १८५४ मध्ये लिलावात दीडशे रुपयांना गेली होती. सौदा रद्द झाला म्हणून ती आज बुरुजावर आहे. आमची धाकटी भरलेल्या अवस्थेत सापडलेली, खिळा ठोकलेली, कान तुटलेली, पण उभी आहे. तिच्याबद्दल जे खरं आहे तेवढंच पुरेसं आहे.

ते गृहस्थ तिसऱ्या बैठकीला आले आणि त्यांनीच सुचवलं की दगडी गोळा काचेच्या पेटीत ठेवून पाटीखाली बसवावा. तसा तो बसवला. पाटीवर थोरलीचं वजन, व्यास, चिन्ह. धाकटीची घडण, खिळा, कान आणि गोळा. आणि फरशीखाली काळ्या दगडात मराठीत पाच नावं. दोन ओळी मोकळ्या सोडल्यात. पाथरवटाला तेवढ्या जागेची आखणी करून ठेवायला सांगितलंय, नावं मिळाली की कोरता येतील.

चंदेरी रंगाचे डबे अजून नगरपंचायतीच्या गोदामात होते. ते आम्ही झोपाळ्यांना वापरले.

पहिला मोठा पाऊस सात जूनला आला. छत्री घेऊन बागेत गेलो तर सुतारकाका आधीच येऊन थोरलीच्या तोंडाखाली हात धरून उभे होते. नळीतून पाणी धारेने नाही, थेंबाथेंबाने पण सारखं बाहेर पडत होतं. आम्ही दोघांनी ते पाणी हातावर घेऊन पाहिलं. गंजाचा लालपणा नव्हता. मग काका वाकून धाकटीच्या बैठकांखाली बघायला गेले, कारण डावीकडच्या बैठकीच्या पायाशी पाणी साठतंय असं त्यांना वाटत होतं, आणि तसंच होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर त्या जागी पन्हळ काढली. मेणाचा पुढचा हात दिवाळीनंतर द्यायचा आहे. मुलींनी वहीत तारीख लिहून ठेवली आहे.